ग्रहणाला दोष देणाऱ्या घरांतल्या पोरांचे फाटलेले ओठ फुकटात शिवणारा पंढरपूरचा डॉक्टर

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जा. घरात पोटुशी बाई असली आणि ग्रहण लागलं की तिला एका जागी बसवून ठेवतात. विळीला हात लावायचा नाही, भाजी चिरायची नाही, सुईत दोरा ओवायचा नाही. का? तर म्हणे बाळाचा ओठ फाटतो.

आणि पुढं खरंच ओठ दुभंगलेलं बाळ जन्माला आलं, तर घरात पंचांग उघडलं जातं. नऊ महिन्यांत ग्रहण कधी होतं आणि त्या दिवशी सुनेनं काय चिरलं, याची चौकशी बसते. ग्रहण सापडतंच. सापडणारच, कारण छायाकल्प धरून जगात वर्षाला किमान चार ग्रहणं होतात आणि नऊ महिन्यांचा काळ ग्रहणाशिवाय जातच नाही. म्हणजे या खटल्यात आरोपी आधीच ठरलेला असतो. ती आई असते.

अशा घरांतली पोरं ज्याच्यापुढं आणून बसवली जायची, तो डॉक्टर स्वतः व्हीलचेअरवर असायचा. घशाला लावलेल्या यंत्राच्या मदतीनं बोलायचा. वर्षातले जवळपास सहा महिने तो भारतात असायचा आणि ऑपरेशनचा एक रुपयाही घ्यायचा नाही. नाव डॉ. शरदकुमार दीक्षित. आज त्यांची गोष्ट. आणि त्यासोबत दुसरी एक गोष्ट, जी ऑपरेशन टेबलवर सुटत नाही. ओठ मुळात फाटतो का?

पंढरपूर ते ब्रुकलिन

डॉ. दीक्षित यांचा जन्म १९३० सालच्या डिसेंबरमधला, पंढरपूरचा. भारतात डॉक्टर झाले, पुढं अमेरिकेला गेले आणि प्लास्टिक सर्जन बनले. तिथं त्यांनी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग असं काही ठेवलं की आजही नेटवर सरळ ‘दीक्षित’ टाकून शोधलं तर ते पटकन सापडत नाहीत. महाराष्ट्रातल्या नव्या पिढीला हे नाव फारसं माहीत नसण्याचं हे एक कारण असावं.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याला हिरॉईनचं नाक आठवतं. पण या शास्त्राचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी कावसजी नावाचा एक बैलगाडीवाला इंग्रजांच्या फौजेत होता. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक कापलं. पुण्याकडच्या एका वैद्यानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन ती वाचून कामाला लागले. स्वातंत्र्यानंतर देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभागही महाराष्ट्रातच सुरू झाला, १९५८ साली नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. तो डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला. फक्त ओठ फाटलेला, फक्त टाळू फाटलेली आणि दोन्ही फाटलेलं अशी त्यांनी केलेली विभागणी डॉक्टर मंडळी आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून शिकतात.

पण हे सगळं मोठ्या शहरांत. साठच्या दशकात भूम-परांड्याच्या किंवा भोकरदनच्या शेतमजुरानं मुलाचा ओठ शिवायला जायचं कुठं? मुंबईला किंवा नागपूरला. त्यासाठी किती दिवसांची मजुरी बुडवायची, राहायचं कुठं आणि मुळात हे शिवता येतं हे त्याला सांगणार कोण? बहुतेकांना ते कुणी सांगितलंच नाही. पोरगं तसंच वाढलं. पोरगी असेल तर तिला पदराआड ठेवलं.

१९६८ साली डॉ. दीक्षितांनी ‘इंडिया प्रोजेक्ट’ सुरू केला. कल्पना अगदी साधी होती. अमेरिकेत कमवायचं, सुट्टी काढून भारतात यायचं आणि गरिबांच्या चेहऱ्यांची ऑपरेशनं फुकट करायची. परदेशात गेलेले बरेच डॉक्टर असं एखादं वर्ष करतात, फोटो काढतात आणि मग ते राहून जातं. यांचं राहून गेलं नाही. उलट राहून जायला एकेक सबळ कारण मिळत गेलं, तसं हे काम वाढत गेलं.

शरीर एकेक गोष्ट काढून घेत होतं

१९७८ मध्ये त्यांना मोटार अपघात झाला. शरीर अंशतः लुळं पडलं आणि व्हीलचेअर आली. सर्जनचा सगळा संसार हातावर चालतो. ज्याचं शरीरच साथ देत नाही त्यानं निवृत्ती घेतली असती, तर कुणी नावं ठेवली नसती.

१९८२ मध्ये स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. त्यातून वाचले, पण नैसर्गिक आवाज गेला. पुढं बोलण्यासाठी यंत्र वापरावं लागलं. ते यंत्रातून निघणारं सपाट, खरखरीत बोलणं ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, पहिल्यांदा ऐकताना लहान मूल दचकतं. त्यानंतर हृदयविकाराचे मोठे झटके आले. ब्रुकलिनमधल्या एका साध्या फ्लॅटमध्ये ते राहायचे. आयुष्य किती उरलंय याचे अंदाज डॉक्टरांनी वेळोवेळी दिले आणि ते अंदाज चुकत राहिले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टाळू फाटलेल्या मुलाचं सगळ्यात मोठं दुखणं दिसण्याचं नसतंच, बोलण्याचं असतं. टाळू हा तोंड आणि नाक यांच्यामधला पडदा. त्याला भोक असेल तर प, ब, ट, क असली अक्षरं म्हणताना हवा नाकातून निघून जाते आणि मूल गेंगाणं बोलतं. वर्गात मास्तरांनी प्रश्न विचारला की असं मूल उत्तर येत असूनही गप्प बसतं. आपला आवाज बाहेर काढायची लाज वाटणं म्हणजे काय, हे पन्नाशीत आवाज गमावलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नसणार.

शिबिराचं गणित

दीक्षितांची शिबिरं महाराष्ट्रात आणि देशात इतर राज्यांतही भरायची. एकटा सर्जन विमानातून उतरून ऑपरेशन करू शकत नाही. त्याला हॉस्पिटल लागतं, भूलतज्ज्ञ लागतो, रक्ताच्या तपासण्या लागतात आणि सगळ्यात आधी पेशंट गोळा करणारी माणसं लागतात. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनं वर्षानुवर्षं हे काम केलं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, लायन्स क्लबची मंडळी पुढं आली. गावोगावी निरोप जायचे. जालना, बीड, परभणीकडून माणसं एसटीनं यायची, सोबत डबा, पांघरूण आणि तोंडावर फडकं घेतलेलं पोर.

शिबिरात फक्त ओठच शिवले जात नसत. पापणी खाली पडलेले डोळे, तिरळेपणा, चेहऱ्यावरचे व्रण, वाकडं नाक, बिघडलेला कान, असं सगळं यायचं. या ऑपरेशनांना तसा वेळ कमी लागतो, मोठा रक्तस्राव होत नाही आणि पेशंट लवकर घरी जातो. शिबिरासाठी नेमकी हीच ऑपरेशनं का निवडली, याचं उत्तर यात आहे. किडनी बदलायचं शिबिर भरवता येत नाही.

फाटलेला ओठ शिवणं म्हणजे नुसते दोन टाके घालणं नव्हे. ओठात तीन थर असतात. आतली मऊ त्वचा, मधला स्नायू आणि बाहेरची कातडी. तिन्ही वेगळे सोडवून, वळवून, एकेक जोडावे लागतात. मधला स्नायू नीट जोडला नाही तर फोटोत ओठ बरा दिसतो, पण हसताना वाकडा जातो. अमेरिकन सर्जन राल्फ मिलार्ड यांनी पन्नासच्या दशकात फाटीची एक बाजू खाली फिरवून दुसरी तिच्यात सरकवायची पद्धत शोधली. जगभर आजही तीच किंवा तिच्यात फेरफार केलेली पद्धत चालते.

आणि प्रत्येक बाळाला टेबलवर घेता येत नाही. डॉक्टर ‘दहाचा नियम’ सांगतात. वय किमान दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा. ऐकायला सोपं आहे. पण टाळू फाटलेलं बाळ आईच्या अंगावर नीट ओढूच शकत नाही, दूध नाकातून बाहेर येतं. त्यामुळं त्याचं वजन वाढत नाही, आणि वजन वाढत नाही म्हणून ऑपरेशन होत नाही. या फेऱ्यात मराठवाड्यातली कितीतरी पोरं अडकायची. यावर उपाय अगदी घरगुती आहे. बाळाला उभं धरून, काढलेलं दूध बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं थोडं थोडं पाजायचं आणि मध्ये मध्ये ढेकर काढायची. पण हेही कुणीतरी सांगावं लागतं.

मग ओठ फाटतो तरी का?

आता पंचांग मिटवून विज्ञानाकडं येऊ.

पोटातल्या बाळाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. कपाळाकडून एक भाग खाली येतो आणि दोन्ही बाजूंनी गालाचे भाग पुढं सरकतात. ते मध्ये भेटतात आणि एकमेकांत मिसळून वरचा ओठ बनतो. नाकाखाली जी छोटी पन्हळ असते ती या जोडकामाचीच खूण. ओठाचं हे काम गर्भारपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात होतं आणि टाळूचं सहाव्या ते नवव्या आठवड्यात. काही कारणानं हे भाग वेळेत भेटले नाहीत तर फट राहते. म्हणजे काहीही ‘फाटलेलं’ नसतं, ते जोडायचं राहिलेलं असतं.

यातला वेळेचा मुद्दा नीट बघा. सातव्या आठवड्यात बऱ्याच बायकांना आपण गरोदर आहोत हे जेमतेम कळलेलं असतं. सातव्या महिन्यात लागलेल्या ग्रहणाला ओठाशी काही देणंघेणं असूच शकत नाही, कारण ओठाचं काम त्याआधी चार-पाच महिने उरकलेलं असतं. तरी खटला चालतोच. गंमत म्हणजे हा समज फक्त आपला नाही. तिकडं मेक्सिकोतही ग्रहणात बाळाचा ओठ फाटतो असं मानतात आणि गरोदर बायका पोटाजवळ धातूची पिन लावतात. तिथला समज तर युरोपियन लोक पोचायच्या आधीपासूनचा, ॲझ्टेक काळातला. जगाच्या दोन टोकांच्या लोकांनी एकाच प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर शोधलं.

बरोबर उत्तराकडं पहिलं मोठं पाऊल टाकलं डेन्मार्कच्या पॉल फोग-अँडरसन या सर्जननं. त्यानं ऑपरेशनसाठी आलेल्या पेशंटांच्या घराण्यांची माहिती जमवली आणि १९४२ मध्ये प्रबंध लिहिला. त्याच्या लक्षात आलं की ही गोष्ट घराण्यांत फिरते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ओठ फाटणं (टाळूसकट किंवा टाळूशिवाय) आणि नुसती टाळू फाटणं या वंशाच्या हिशोबानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओठ फाटण्याचं प्रमाण मुलग्यांत जास्त, नुसती टाळू फाटण्याचं मुलींत जास्त. फाट उजवीपेक्षा डाव्या बाजूला जास्त आढळते, हेही त्यातलंच एक कोडं.

जगात साधारण सातशे बाळांमागं एकाला हा त्रास असतो. यात जनुकांचा हात आहे हे जुळ्यांवरून कळतं. एकसारख्या जुळ्यांत एकाला फाट असेल तर दुसऱ्यालाही असण्याची शक्यता चाळीस ते साठ टक्क्यांच्या आसपास. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत हाच आकडा तीन ते पाच टक्क्यांवर येतो. म्हणजे जनुकं नक्की आहेत. पण नुसतीच जनुकं असती तर एकसारख्या जुळ्यांत आकडा शंभर आला असता. तो येत नाही, म्हणजे बाकीही काही आहे.

वाळूच्या गाडीचं उदाहरण घ्या. गाडीची क्षमता ठरलेली आहे. आईकडून थोडी वाळू आली, वडिलांकडून थोडी आली. दोघांचीही गाडी स्वतःपुरती ठीक चालत होती. बाळाच्या गाडीत दोन्हीकडची वाळू पडली, त्यात बाहेरून एखादं घमेलं आलं आणि ॲक्सल मोडला. यात दोष कुठल्या घमेल्याचा? म्हणून बहुतेक वेळा आई-वडील दोघांच्याही घराण्यात आधी कुणाला फाट नसते आणि तरी बाळाला होते. ‘आमच्याकडं असलं काही नव्हतं’ हे सासूचं वाक्य खरंही असतं आणि बिनकामाचंही. तिच्या मुलाकडून आलेली वाळू त्याच गाडीत असते.

ही वाळू म्हणजे कुठली जनुकं, ते गेल्या पंचवीस वर्षांत बरंच कळलंय. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव आयआरएफ-६. २००२ मध्ये अमेरिकेतल्या आयोवाच्या संशोधकांच्या गटानं दाखवलं की या एका जनुकातला बिघाड ‘व्हॅन डर वूड सिंड्रोम’ घडवतो. त्यात फाट तर असतेच, पण खालच्या ओठावर दोन बारीक खळगेही असतात. कधी कधी घरातल्या एखाद्याला नुसते खळगेच असतात, बाकी काही नाही. अशा माणसाच्या प्रत्येक मुलात हा बिघाड उतरण्याची शक्यता पन्नास टक्के. म्हणून फाट असलेलं बाळ घरात आलं तर त्याच्या आई-वडिलांचा खालचा ओठही बघावा. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्यातून पुढच्या बाळाचा अंदाज पूर्ण बदलू शकतो. अर्थात सगळ्या फाटींमध्ये या सिंड्रोमचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपासच. ओठाच्या बहुसंख्य फाटींत दुसरा कुठलाही आजार नसतो, त्यात अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. २००९ मध्ये आठव्या गुणसूत्रावरची एक जागाही या यादीत आली.

आणि बाहेरचं घमेलं? आईचं धूम्रपान, दारू, आधीपासूनचा आणि ताब्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधं, खास करून व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट. (औषध मनानं बंद करायचं नाही. फिट येणं बाळाला आणि आईला दोघांनाही धोक्याचं असतं. दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येतं.) फॉलिक ॲसिडच्या गोळीनं पाठीच्या कण्याची व्यंगं टळतात हे पक्कं सिद्ध झालंय. ओठ-टाळूबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. पण गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते आणि घ्यायची असते ती दिवस राहायच्या आधीपासून. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर सुरू केली तर तोवर ओठ आणि टाळू दोन्ही बनून गेलेले असतात.

एक नाजूक मुद्दा राहिला, नात्यातली लग्नं. मराठवाड्यात मामाची मुलगी करायची पद्धत आजही आहे. जवळच्या नात्यात दोघांकडं एकाच आजी-आजोबांची वाळू असते, त्यामुळं ओझं वाढू शकतं. बऱ्याच अभ्यासांनी फाटीचा धोका अशा लग्नांत जास्त दाखवलाय, काहींना तो आढळला नाही. म्हणून प्रत्येक फाटीचं खापर नात्यातल्या लग्नावर फोडणं म्हणजे ग्रहणाच्या जागी दुसरा आरोपी उभा करणं.

आकडे, पुरस्कार आणि थोडी शंका

डॉ. दीक्षितांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. शांततेच्या नोबेलसाठी त्यांचं नाव अनेकदा गेलं होतं, असं त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात असतं. इथं जरा थांबायला हवं. नोबेल समिती शिफारस झालेली नावं पन्नास वर्षं उघड करत नाही. म्हणजे ही माहिती शिफारस करणाऱ्यांकडून आलेली आहे, समितीकडून नाही. आणि शिफारस होणं म्हणजे अंतिम यादीत असणंही नव्हे.

ऑपरेशनांच्या आकड्याचंही तसंच. कुठं काही हजार, कुठं लाख, कुठं काही लाख. एक लाख धरले तरी ४३ वर्षांत वर्षाला सव्वादोन हजारांच्या पुढं जातात. वर्षातले सहा महिने, रोज न चुकता बारा-तेरा. शिबिराच्या वेगात हे अशक्य नाही, पण यातली बरीच ऑपरेशनं त्यांच्यासोबतच्या सर्जनांनी केलेली असणार. एकट्याच्या नावावर लाखो ऑपरेशनं टाकून त्यांचा मोठेपणा वाढत नाही. उलट इतक्या लोकांना कामाला लावणं हेच त्यांचं मोठं काम होतं, आणि त्याकडं व्हॉट्सअपवरच्या फॉरवर्डचं लक्ष जात नाही.

शिबिर पद्धतीवर टीकाही झालीय आणि ती चुकीची नाही. ओठ एका बैठकीत शिवून होतो. टाळूचं तसं नसतं. ते ऑपरेशन साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात, म्हणजे बोलणं सुरू व्हायच्या सुमारास. उशीर झाला तर टाळू शिवूनही गेंगाणेपणा उरतो. नंतर बोलण्याची थेरपी, कानाच्या तपासण्या, आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान हिरडीत हाड भरणं, दात सरळ करणं, असं वयाच्या अठरा-वीसपर्यंत काही ना काही चालतं. शिबिर आठवड्याभरात उठतं. टाके सैल पडले किंवा टाळूला पुन्हा भोक पडलं तर परत बीडहून कुणाकडं यायचं? म्हणून आज जगभर कल आहे तो कायमच्या केंद्रांकडं, जिथं सर्जन, दाताचे डॉक्टर, कानाचे डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्ट एका छताखाली असतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या स्माईल ट्रेननं तर स्थानिक हॉस्पिटलांनाच पैसे द्यायची पद्धत पाडली. मिर्झापूरकडच्या पिंकी नावाच्या मुलीवरची ‘स्माईल पिंकी’ ही ऑस्कर मिळवणारी डॉक्युमेंटरी याच कामावरची.

पण ही केंद्रं यायच्या आधी तीस वर्षं काय होतं? शिबिर होतं किंवा काहीच नव्हतं. ज्या पोराला १९८५ मध्ये ओठ मिळाला त्याला आदर्श पद्धत कोणती यावर वाद घालायला वेळ नव्हता, त्याला शाळेत जायचं होतं.

शिवलेला ओठ आणि न शिवलेला प्रश्न

नोव्हेंबर २०११ मध्ये डॉ. दीक्षित गेले. वयाची ऐंशी पूर्ण झाली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणी होते आणि ज्या तीस गोष्टी शोधायच्या त्यांत दुभंगलेले ओठ आणि टाळू आहेत. सापडलेल्या मुलाचे उपचार मोफत. संभाजीनगरात घाटी आहे, सरकारी दंत महाविद्यालय आहे. म्हणजे आता निदान पत्ता तरी आहे.

दीक्षितांच्या शिबिरांत ओठ शिवलेली पोरं आज तीस-चाळीस वर्षांची आहेत. त्यांची लग्नं झाली, काहींची ठरायची आहेत. आणि आता त्यांच्यापुढं वेगळा प्रश्न येतो. आपल्या बाळाला होईल का? कारण सुरीनं ओठ बदलतो, जनुकं बदलत नाहीत. मुलीच्या घरचे ओठावरचा बारीक व्रण बघतात आणि बोलणी थांबतात, असंही होतं.

यावर आकडा असा आहे. आई किंवा वडिलांपैकी एकाला साधी, म्हणजे सिंड्रोम नसलेली फाट असेल तर प्रत्येक बाळाला ती होण्याची शक्यता तीन ते पाच टक्के. आई-वडील ठीक आणि पहिल्या बाळाला फाट असेल तर दुसऱ्याच्या बाबतीतही आकडा जवळपास तेवढाच. दोन मुलांना झाली असेल तर तिसऱ्याला नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बाजूंना फाट असेल तर धोका थोडा जास्त. सर्वसामान्य घरापेक्षा हे नक्कीच जास्त आहे, पण शंभरातली पंच्याण्णव बाळं ठीक जन्माला येतात हाही त्याच आकड्याचा अर्थ. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला होणाऱ्या सोनोग्राफीत ओठाची फाट बऱ्याचदा दिसते, नुसती टाळूची सहसा दिसत नाही. आधी कळल्याचा फायदा एवढाच की बाळ आल्यावर घर गांगरून जात नाही, वाटी-चमचा तयार असतो आणि डॉक्टर ठरलेला असतो.

डॉ. दीक्षित गेल्यावर शिबिरं बंद पडतील असं अनेकांना वाटलं होतं. तसं झालं नाही. त्यांच्यासोबत काम केलेले अमेरिकेतले भारतीय सर्जन त्यांच्या स्मरणार्थ येत राहिले आणि संभाजीनगरात लायन्स क्लब ऑफ चिकलठाणाच्या मंडळींनी त्यांच्याच नावानं शिबिरं चालू ठेवली. नोंदणीच्या दिवशी आजही जालन्या-बीडकडच्या एसटी सकाळी भरून येतात आणि कडेवरच्या पोराच्या तोंडावर फडकं असतं.